उपचार खाटेपाशी होतात

श्वास अडलेला माणूस वाचवायचा तर त्याला इंदूरला न्यायचे आणि रेमडेसिविरचे इंजेक्शन मिळवायचे, ही समजूत उज्जैनमध्ये कोरोनाच्या साथीत रुजली आणि अजून पुरती उखडलेली नाही. देवास गेटच्या बसस्टँडवर येणाऱ्याला सुमारे पंचावन्न किलोमीटरचे ते अंतर फारसे वाटत नाही. ज्याचा ऑक्सिजन झपाट्याने उतरतो आहे, त्याला मात्र तेच अंतर जिवावर बेतू शकते. एप्रिल २०२० मध्ये याच शहरात धाप लागलेल्या ५५ वर्षांच्या एका बाईंना एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात हलवले. शेवटच्या ठिकाणी अतिदक्षता विभागाला कुलूप होते. किल्ली सापडेना, म्हणून कुलूप तोडावे लागले. त्या वाचल्या नाहीत. कोणते औषध द्यायचे हा प्रश्न तिथे उभाच राहिला नाही. वेळ गेला तो दारे शोधण्यात.

रेमडेसिविरच्या बाजूने सांगितले जाते की त्याने माणसे लवकर बरी झाली. काही परीक्षणांत तसे दिसले, हे मान्य करायलाच हवे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या परीक्षणात मृत्यू टाळण्यावर त्याचा प्रभाव अगदी थोडा, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत तर शून्यच दिसला. एप्रिल २०२१ मध्ये मात्र त्याच औषधाच्या सहा कुप्यांसाठी नातेवाईक रात्रंदिवस फिरत होते, आणि ग्लुकोज-मीठ भरलेल्या बनावट कुप्या इंदूर-जबलपूरपर्यंत विकल्या गेल्या. याउलट ब्रिटनमधील रिकव्हरी परीक्षणाने जून २०२० मध्येच दाखवून दिले होते की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतील एक पंचमांशाने कमी होतात. हे औषध मालव्यातल्या तालुक्याच्या दुकानातही मिळते, तेही अगदी थोड्या पैशांत.

यावर आक्षेप येतो तो म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीचा: स्टेरॉइडनेच तर डोळे गेले, जबडे गेले. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना या औषधाचा फायदा होत नाही, हेही त्याच परीक्षणात दिसले होते. तरीही ते घरच्या घरी, हव्या त्या मात्रेत, रक्तातली साखर न पाहता सुरू झाले. म्हणजे औषध टाळून भागणार नाही. ते देताना रुग्णाची साखर मोजणारे कुणीतरी खाटेपाशी असले पाहिजे. खरा उपचार तिथेच घडतो: नळी नाकातून निसटली आहे का, ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्क्यांदरम्यान राहतो आहे का, छातीखाली उशी देऊन रुग्णाला पालथे झोपवता येईल का, हे दर काही तासांनी पाहणारी नर्स हवी. एकीकडे एकाच नर्सवर वीस-पंचवीस खाटा सोपवायच्या आणि मग नव्या इंजेक्शनसाठी निधी मागायचा, हा विचार उलटा आहे.

ऑक्सिजनच नव्हता, मग नर्सने काय करायचे, असे कुणी विचारेल. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ही घटना माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही. टाकी, पाइप, व्हॉल्व्ह आणि त्यांची रोजची तपासणी हाही उपचाराचाच भाग आहे. काही रुग्णांना इंदूरच्या मोठ्या अतिदक्षता विभागाची गरज पडणारच, हेही खरे. त्यांना जरूर पाठवावे, पण इथे ऑक्सिजन लावून, प्रकृती सावरून, तिकडची खाट फोनवर पक्की करून आणि सोबत नर्स देऊन. उज्जैनच्या २०२८ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात देवास गेट आणि शेजारचे रेल्वे स्टेशन भाविकांनी ओसंडून वाहतील. त्याच्या तयारीत रस्ते आणि घाटांबरोबर या बसस्टँडपाशी भरलेले सिलिंडर, पल्स ऑक्सिमीटर आणि चोवीस तास पाळीने बसणाऱ्या प्रशिक्षित नर्स यांची तरतूद आताच व्हायला हवी.