खाजेवर शंभर सल्ले

हॉस्टेलमध्ये ताप आला तर गोळी मिळते, पण खाज सुटली तर सल्ला मिळतो. तोही फुकट आणि न मागता.

मित्रांनो, मला इसब आहे. डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात तेच. लहानपणापासून आहे, कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागे आणि थंडीत बोटांवर. या हॉस्टेलमध्ये तीन वर्षांत मिळालेले सल्ले लिहून काढले तर एक जर्नल भरेल आणि त्यावर सरांची सहीसुद्धा होईल. लिंबू-मीठ चोळ. लसूण वाटून लाव. बादलीत जंतुनाशक टाक. मोहरीचं तेल जिरव. वांगं बंद कर. आणि सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे, “अरे, गेटसमोरच्या मेडिकलमध्ये एक ट्यूब मिळते, दोन दिवसांत साफ!”

हसू नका, यातले चार उपाय मी केलेत. लिंबू-मीठ लावल्यावर मी कॉरिडॉरमधून नळाकडे ज्या वेगाने धावलो तो वेग आमच्या स्पोर्ट्स सरांनी पाहिला असता तर टीममध्ये घेतलं असतं. लसणाने फोड आले. कच्चा लसूण कातडी भाजतो हे मला नंतर कळलं. जंतुनाशकाने कातडी आणखी कोरडी पडली. ट्यूबचं पुढे सांगतो.

आधी हे होतं का, ते बघू. आम्हा सिव्हिलवाल्यांना समजायला सोपं आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा मसाला. इसब असलेल्या माणसाचा हा मसाला कच्चा असतो. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, घाम, धूळ आत शिरते. मग आग, मग खाज, मग खाजवणं, आणि खाजवल्यावर भिंत आणखी ढासळते. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन कातडी घट्ट ठेवायला मदत करतं. त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी संबंध आहे हे २००६ साली सिद्ध झालं. म्हणजे “हा आंघोळ करत नाही” किंवा “याचं रक्त खराब आहे” हे म्हणणं बंद करायला हरकत नाही.

भिंतीला ओल जात असेल तर आपण काय करतो? गिलावा. मॉइश्चरायझर म्हणजे तोच गिलावा. मग कोणता घ्यायचा? इथे जाहिराती आपल्याला पार गोंधळवतात. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांवर एक चाचणी झाली, निकाल २०२२ साली छापून आला. लोशन, क्रीम, जेल आणि मलम असे चार गट केले होते. परिणामात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. अर्थ सरळ आहे. तुम्हाला आवडतं, परवडतं आणि तुम्ही रोज लावाल तेच तुमचं मॉइश्चरायझर. फक्त त्यात सुगंध नको.

मला स्वतःला साधी पेट्रोलियम जेली मानवली. तिची गोष्टही आपल्या लाइनचीच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना एक मेणचट राळ चिकटायची. कामगार ती भाजल्या-कापल्यावर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञाने ती शुद्ध केली आणि १८७२ साली पेटंट घेतलं. तीच व्हॅसलिन. पाणी उडू न देण्यात तिला तोड सापडणं कठीण, आणि मेस बिलाच्या मानाने ती स्वस्तही आहे.

आता घरगुती उपाय. सगळेच टाकाऊ असतात असं माझं मत नाही. माझी आजी कुडाळकडची. तिच्याकडे भिरंडेलाचा गोळा असायचा, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. थंडीत ती तो चुलीवर जरासा ऊन करून माझ्या हातापायांना चोळायची. म्हणायची, “रोज लावलंस तर गुण येतलो.” आजीच्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द भिरंडेल नसून ‘रोज’ आहे, हे कळायला मला इंजिनिअरिंगची तीन वर्षं लागली. खोबरेल तेलही चांगलं. साध्या, सुगंध नसलेल्या खोबरेलाने कोरडेपणा कमी होतो असं चाचण्यांतही दिसलंय. शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, म्हणजे शतधौत घृत, हेही शेवटी स्निग्ध मलमच. ओट्स बारीक दळून कोमट पाण्यात मिसळले तर खाज शमते. मोहरीचं तेल मात्र कातडीला झोंबतं, ते भाजीतच राहू द्या. परीक्षा सोपी आहे: जो उपाय कातडीला तेलकट-मऊ ठेवतो तो करून बघावा, जो झोंबतो तो लगेच धुवावा. “झोंबतंय म्हणजे काम करतंय” हे तर साफ खोटं.

माझा रोजचा कार्यक्रम सांगतो. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकायची. सोलरचं कडकडीत पाणी खाजेला फार बरं वाटतं, पण ते उरलासुरला मसालाही धुऊन नेतं. साबण काखेत, जांघेत आणि पायांना, तोही सौम्य. कातडी मुळात किंचित आम्लधर्मी असते आणि आपला नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. अंग पुसायचं नाही, टिपायचं. आणि दोन-तीन मिनिटांच्या आत, कातडी ओलसर असतानाच, जेली लावायची. झोपताना पुन्हा. आपण नखभर लावतो आणि म्हणतो गुण नाही. अंगभर इसब असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं! एक धोक्याची सूचना: जेली किंवा तेल मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात. कॉइल, उदबत्ती, मेणबत्ती यांपासून लांब राहा.

आता ती ट्यूब. दुसऱ्या वर्षी, सबमिशनच्या दिवसांत, मी ती चिठ्ठीशिवाय आणली. दोन दिवसांत खरंच साफ. मी खूश. बंद केली की परत, म्हणून पुन्हा लावली. असे पाच महिने गेले. कोपराच्या घडीतली कातडी कागदासारखी पातळ झाली आणि तिथे कायमचे पांढरे वळ उठले. ते आजही आहेत. त्या ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध अशी मिसळ होती. स्टिरॉइड वाईट नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी ताकद, जागा आणि दिवस ठरवून दिले तर इसबावर ते उत्तम औषध आहे, आणि मलाही त्यानेच बरं वाटलं. वाईट आहे ते अंदाजाने लावणं. याच कारणाने २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवर मिळतात, कारण आपण मागतो.

त्यातली गंमत अशी की निम्म्या मुलांना इसब नसतोच, गजकर्ण असतं. गोल चट्टा, कडा उठलेली आणि मध्ये साफ, असं दिसलं की बहुधा ते गजकर्ण. त्यावर स्टिरॉइड लावलं की लाली दबते आणि बुरशी खाली मजेत पसरते. गजकर्ण टॉवेल आणि चड्डीवरून दुसऱ्याला होतं. इसब होत नाही. पुन्हा लिहितो: इसब लागट नाही. पहिल्या वर्षी माझ्या पार्टनरने माझी बादली दारामागे सरकवली होती आणि मेसमध्ये एकाने ताट उचलून पलीकडचं टेबल गाठलं होतं. मी वर्षभर मे महिन्यातही फुल शर्ट घातला. त्या खाजेवर कुठलंच मलम नसतं.

शंका दोन प्रकारची असेल तर अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पिवळी खपली, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

हे सगळं लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्या रूमवर आला. फुल शर्ट, बाह्या बटणं लावून, खिशात तीच ट्यूब. म्हणाला, “दादा, किती दिवस लावायची ही?” मला माझेच वळ आठवले. त्याला मी जेलीचा डबा दिला आणि डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पण दरवर्षी असा एकेक मुलगा चुकत-चुकत शिकणार का?

म्हणून रेक्टर सर आणि सर्व शिक्षकांना तीन विनंत्या. पहिली, हॉस्टेलच्या औषधपेटीत पट्टीशेजारी पेट्रोलियम जेलीचा एक डबा ठेवा आणि वर्षातून एकदा त्वचेच्या डॉक्टरांना बोलवा. दुसरी, वर्कशॉपमध्ये हात धुवायला रॉकेल आणि कपड्याची पावडर देणं थांबवा. लेथचं कूलंट आणि वर हे, एवढं तर धडधाकट हातही सोसत नाहीत. सौम्य साबण ठेवा. (फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत हा नियम तसाच राहू दे, तो जिवासाठी आहे.) तिसरी, काँक्रीट लॅबमध्ये मात्र जलरोधक हातमोजे सक्तीचे करा. ओल्या सिमेंटचा सामू बाराच्या वर असतो, शिवाय त्यातल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमने कायमची अॅलर्जी होऊ शकते. युरोपीय संघाने त्यावर २००५ पासून दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली आहे. आपण निदान मोजे तरी घालू.

आणि मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. कुणाच्या हातावर चट्टा दिसला तर सल्ला देऊ नका आणि बादलीही सरकवू नका. फार तर जेलीचा डबा पुढे करा.

– टी. ई. सिव्हिल