पाणी मिळाले, मुतारीचे काय?

सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छतेचा निकाल जाहीर केला. डोंगरी जिल्ह्यांत हिमाचल प्रदेशचा मंडी पहिला आणि सपाटीच्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग पहिला! सह्याद्रीच्या पायथ्याचा, घाट-चढणीचा हा जिल्हा सपाटीचा कसा, हे दिल्लीलाच ठाऊक. असो. घरोघरी संडास बांधले गेले, त्यात बौद्धवाड्यांतील कष्टकऱ्यांचाही घाम आहे आणि त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. पण त्या परीक्षेत सर्वांत मोठे वजन होते घरच्या संडासाला. सकाळी सहाला घर सोडून दिवेलागणीला परतणाऱ्या बाईने मधले बारा तास काय करायचे, हा प्रश्न त्या प्रश्नपत्रिकेत नव्हता.

मालवणच्या किनारपट्टीवर मासळी विकणारी बाई घ्या. होडी लागली की लिलावात उभे राहायचे, पाटी भरायची, बाजारात जागा धरायची आणि मासळी संपेपर्यंत हलायचे नाही. हललो तर मासळी कोण बघणार आणि गिऱ्हाईक कोण धरणार? काजूच्या कारखान्यात दिवसभर बी फोडणारी बाई, पर्यटकांच्या खोल्या झाडणारी बाई, एसटीची महिला वाहक, सगळ्यांची हीच कथा. पुरुषाचे काय, एखादा गडगा किंवा माडाचा बुंधा त्याला पुरतो. आम्ही एका मासळी विकणाऱ्या मावशींना भर उन्हात पाण्याची बाटली पुढे केली, तर त्या हसून म्हणाल्या, "पाणी पिऊक काय जाता? पण मगे जातलंय खंय?"

या एका वाक्यात सगळा रोग आहे. शहाणीसुरती माणसे या विषयाला 'लघुशंका' म्हणून नाक मुरडतात, म्हणून आम्ही सरळ मुतारी हाच शब्द वापरणार आहोत. शरीराचा हिशेब साधा आहे. मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलिटर लघवी साचली की पहिली जाणीव होते आणि चारशे-पाचशेला थांबणे कठीण जाते. एखाद्या दिवशी लघवी तुंबवून धरली म्हणून निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, मूत्राशय फुटतही नाही. उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. बिघडते ते रोजच्या सवयीने. लघवीवाटे जंतू धुऊन जातात. तासन् तास ती साचून राहिली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. त्यात बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषापेक्षा कितीतरी आखूड. जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. मग जळजळ, ओटीपोटात दुखणे, घडीघडी लघवीला लागणे. दुर्लक्ष केले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो, थंडी वाजून ताप भरतो. गरोदरपणी हाच संसर्ग दिवस भरण्याआधी बाळंतपण ओढवू शकतो. वर्षानुवर्षे ताणलेले मूत्राशयाचे स्नायू सैल पडतात आणि पुढे लघवी पूर्ण होतच नाही. आणि या सगळ्याच्या भीतीने पाणीच कमी प्यायले तर? कोकणातल्या दमट उकाड्यात घामाने अंग निथळते, लघवी घट्ट होते, मुतखडे होतात. म्हणजे पाणी प्यावे तरी मरण आणि न प्यावे तरी मरण! पाळीच्या चार दिवसांचे तर बोलायलाच नको.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या घटनेला शंभर वर्षे होत आली. तो संग्राम तहानेचा नव्हता, माणूसपणाचा होता, हे आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो. मग आज कोणी अडवत नसताना, पाणी हाताशी असताना आमची माता-भगिनी ते तोंडाला लावत नाही, याला काय म्हणायचे? पाण्यावरचा हक्क कागदावर राहिला आणि मुतारी नसल्यामुळे तो तिच्या हातून काढून घेतला गेला, असेच आम्ही म्हणू. पहारा बसवायची गरजच उरली नाही.

हा हक्क मागणाऱ्या बाया महाराष्ट्रात झाल्या आहेत. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाने मोहीम उभी राहिली. तिच्यात 'कोरो' संस्थेच्या वस्त्यांमधील कार्यकर्त्या पुढे होत्या. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हा उघड अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या वतीने विद्या बाळ आदींनी न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील महानगरपालिकांना रस्त्यांवर महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश दिले. हा प्रश्न संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा आहे, ही भूमिका तेव्हा मान्य झाली. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील न्यायालयांच्या आवारांतील स्वच्छतागृहांबाबतही हेच सांगितले.

पण वाचकहो, आदेश कोणाला? महानगरपालिकांना! सिंधुदुर्गात महानगरपालिका एकही नाही. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीला नगरपरिषदा, कुडाळ-कणकवलीसारख्या गावांना नगरपंचायती, बाकी ग्रामपंचायती. मग इथल्या बाईचे मूत्राशय वेगळे आहे काय? ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेली बारावी अनुसूची काढून वाचावी. नगरपरिषद असो वा नगरपंचायत, तिच्याकडे सोपवायच्या विषयांत रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबे यांच्याच ओळीत सार्वजनिक स्वच्छतागृहे आहेत. दिवे आणि वाहनतळ तेवढे साहेबांच्या लक्षात राहतात. सिंधुदुर्गला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले. पाहुण्याच्या गाडीची सोय होते. त्या पाहुण्याला बांगडा-सुरमई विकणारीची होत नाही.

यात आमच्या दृष्टीने आणखी एक मेख आहे. मुतारी बांधा म्हणून मागणी करायची, ती बांधून होते, आणि झाडायला उभा राहतो तो आपलाच माणूस, ठेक्यावर, तुटपुंज्या पगारात, हातमोज्यांशिवाय. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीचा ध्यास घेतला, स्वतः हातात झाडू घेतला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु सवर्णाने झाडू धरला म्हणून झाडूवरची जात पुसली गेली नाही. म्हणून मागणी अर्धी करून चालणार नाही. मुतारी हवी, तिला पाणी हवे, कडी हवी, दिवा हवा आणि झाडणाऱ्याला कायम नोकरी व पूर्ण वेतन हवे. झाडणारी बाई असेल, तर तिला तीच मुतारी वापरता आली पाहिजे. हेही लिहावे लागते!

सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. मागे एका तालुक्याच्या गावी जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. मंडप देखणा, व्यासपीठावर डझनभर वक्ते, पैकी एक भगिनी. पांढऱ्या साड्यांतल्या महिला दुपारी तीनपासून पुढच्या रांगांत बसलेल्या. वक्ते मध्येच उठून मंडपामागे जाऊन येत होते. आठच्या सुमारास महिला चुळबुळ करीत घराकडे निघाल्या, तेव्हा माईकवरून त्यांना शिस्तीचे आवाहन करण्यात आले! आम्हीही तेव्हा व्यासपीठावरच होतो आणि गप्प होतो. नंतर समितीने जमाखर्च वाचून दाखवला. डीजेचा आकडा होता, हारांचा होता, बॅनरचा होता. महिलांच्या तात्पुरत्या मुतारीचा रकानाच नव्हता. यंदाच्या बैठकीत तो रकाना घालायचे आम्ही सुचवले आहे. वर्गणी कमी पडली तर आधी हार कापा, असेही सांगून ठेवले आहे.