येणे बाकीचे पत्र

व्यापारी घरात लेखणी रोज चालते, पत्र मात्र क्वचितच लिहिले जाते. खातेवही, चलन, पक्के बिल, कराचे विवरण यांतील आकडे चोख असतात; परंतु उधारी मागण्याची वेळ आली की काम फोनवर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरील हात जोडलेल्या चित्रावर भागवले जाते. संवत्सरीला क्षमापनेचा निरोप एका बोटाने शेकडो जणांना जातो. त्याच यादीतील एखाद्याकडे दोन वर्षे अडकलेल्या रकमेविषयी चार ओळी लिहिताना मात्र मोठमोठ्या पेढ्यांचे धनी संकोचतात. लिहिले तर संबंध बिघडतील, ही त्यामागची भीती. प्रत्यक्षात संबंध बहुधा न लिहिल्यामुळेच बिघडतात. दोन वह्यांतील आकडे हळूहळू वेगळे होत जातात आणि प्रत्येकाला आपापलाच आकडा आठवत राहतो.

ज्यांनी लिहायचे ठरवले, त्यांचीही गाडी प्रस्तावनेत अडकते. कुशल विचारणे, बाजारातील मंदी, घरातील लग्नकार्य, वडिलांपासूनचा स्नेह असा प्रवास करून शेवटच्या ओळीत ‘तरी मागील बाकीचे कृपया पाहावे’ असे मोघम वाक्य येते. किती बाकी, कोणत्या बिलाची, केव्हापर्यंत हवी, यांतले काहीच त्यात नसते. असे पत्र वाचणाऱ्याला बाजूला ठेवून देणे फार सोपे असते. याच्या उलट पुढील मजकूर पाहावा :

‘दि. 5 नोव्हेंबर 2025. सप्रेम जय जिनेंद्र. आमचे बिल क्र. 214, दि. 12 जून 2025, रक्कम 48,600 रुपये. यातून आपण 2 जुलैस परत केलेल्या मालाचे 3,200 रुपये व 20 ऑगस्टला जमा झालेले 15,000 रुपये वजा जाता 30,400 रुपये येणे आहे. ही रक्कम 30 नोव्हेंबरपर्यंत पाठवावी, ही विनंती. आपल्या वहीत आकडा वेगळा असल्यास आपला खातेउतारा पाठवावा. आमचा उतारा सोबत जोडला आहे.’

यात एकही कडक शब्द नाही आणि एकही शब्द वाया गेलेला नाही. भाषासमितीत हित, मित आणि प्रिय बोलण्याचा जो आग्रह आहे, तो येथे आपोआप पाळला गेला आहे. परत आलेल्या मालाची वजावट मागणाऱ्याने स्वतः लिहिली, ही गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. समोरच्याला सोयीची बाब पत्रात आधीच असेल, तर उरलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास बसतो. शेवटच्या वाक्याने उत्तरासाठी दार उघडे राहते, ते निराळेच.

लेखनातील प्रामाणिकपणाचा विचार जैन परंपरेने फार बारकाईने केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन थेट पेढीवरचे आहेत. दुसऱ्याने जे सांगितले नाही किंवा केले नाही, ते त्याने सांगितले वा केले असे फसवणुकीसाठी लिहिणे ही कूटलेखक्रिया. ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी मागू लागला, तर ‘हो, तेवढीच होती’ म्हणणे हा न्यासापहार. ‘आपण फोनवर व्याज कबूल केले होते’ असे, तसे घडले नसताना, पत्रात घुसवणे पहिल्या अतिचारात मोडते. आणि पाठवणाऱ्याच्या चुकीने आकडा कमी आला असताना घेणाऱ्याने गुपचूप त्यावर सही करणे, हे दुसऱ्याच्या अगदी जवळ जाते. पत्राची जबाबदारी अशी दोन्ही टोकांना असते.

आता कायद्याची बाजू, कारण येथे अनेकांचा मोठा गैरसमज आहे. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत, 1963 च्या मुदतीच्या कायद्यानुसार, तीन वर्षांची आहे. उधारीचा काळ ठरलेला असेल तर तो संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून ती मोजली जाते. दरवर्षी स्मरणपत्र पाठवले म्हणजे ही मुदत वाढते, असे पुष्कळ व्यापारी मानतात. तसे होत नाही. आपण कितीही पत्रे लिहिली तरी घड्याळ थांबत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तरच कलम 18 प्रमाणे त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. कबुलीत नेमकी रक्कम नसली, किंवा ‘इतक्यात देता येणार नाही’ असे म्हटलेले असले, तरी ती कबुलीच ठरू शकते. बँका कर्जदारांकडून मुदतीच्या आत बाकी मान्य असल्याच्या कागदावर सही घेतात, ती याचसाठी; त्यात अविश्वासाचा प्रश्न नसतो.

म्हणून वरील पत्राच्या खाली एक छोटी जागा सोडावी : ‘वरील बाकी आमच्या वहीप्रमाणे बरोबर आहे’, आणि त्यापुढे सही, शिक्का, तारीख. 31 मार्चनंतर सर्वच खातेदारांना, नातलग असोत वा परके, असा एकसारखा कागद पाठवण्याचा पेढीचा रिवाज असला, तर कोणाला वाईट वाटण्याचे कारण उरत नाही. एकट्यालाच पाठवला तर मात्र वाटते, आणि ते स्वाभाविक आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर अगदीच निरुपयोगी नाही. परंतु इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. शिवाय मोबाइल बदलला की जुने संवाद कुठे जातात, हे घरोघरी ठाऊक आहे. न वटलेल्या धनादेशाचे गणित तर पूर्ण वेगळे आहे : बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते आणि तीत धनादेशाचीच रक्कम स्पष्ट मागावी लागते. तेथे स्वतः मसुदा करीत न बसता वकिलाकडे जावे.

साध्या येणे बाकीचे पत्र मात्र घरातल्या कोणीही लिहावे. कॉलेजात वाणिज्य शिकणाऱ्या मुलीकडे किंवा नव्या सुनेकडे हे काम सोपवल्यास खाते कसे वाचायचे तेही ती शिकेल. पत्र पोचपावतीसह टपालाने धाडावे, एक प्रत त्या खात्याच्या फाइलमध्ये लावावी आणि पोचपावती परत आली की ती त्याच प्रतीला टाचावी.