घोड्याला विचारलं का?

काशीत रामघाटावर राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुण्यांना तोटा नाही. गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन आणि वर घरचा वरणभात, मग कोण येणार नाही? या फेब्रुवारीत पुण्याहून माझा दादा, वहिनी आणि मुलं आली होती. भाची चौदा वर्षांची, भाचा सात वर्षांचा.

तिसऱ्या दिवशी आम्ही नाव करून पैलतीरी गेलो. आमचे घाट सगळे एकाच काठाला. पलीकडे नुसती रेती. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते, पाणी ओसरलं की उघडी पडते आणि मग तिथे घोडेवाले नि उंटवाले येऊन उभे राहतात. भाच्याने एक फेरी मारली, स्वारी खूश! तो उतरला आणि दादा पुढे सरसावला. दादाचं वजन ९४ किलो. (तो स्वतः नव्वद सांगतो.) घोडेवाला ‘‘बैठिए बाबूजी’’ म्हणत रिकीब धरून उभा. एवढ्यात भाची म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही बसू नका. तो तुम्हाला पेलणार नाही.’’

वहिनीच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, की यामागे काहीतरी आहे. नंतर नावेत तिने सांगितलं. मे महिन्याच्या सुट्टीत भाचीने घोडेस्वारीच्या वर्गात नाव घातलं होतं. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस मुलांसमोर तिला काट्यावर उभं केलं. काटा ५८ वर थांबला. ‘‘आमच्याकडे पोनी आहेत, तुला घेता येणार नाही,’’ असं म्हणून तिला परत पाठवलं. मुलं हसली. पोर घरी येऊन जेवली नाही. दादा फोनवर भांडला, फीचे पैसे परत मिळाले आणि त्याच्या लेखी विषय संपला. भाचीच्या लेखी मात्र तो संपला नव्हता. आपल्याला का घेतलं नाही, ते तिने शोधून काढलं होतं.

माझ्या पिशवीत शिवणाची टेप असतेच. ती मागून घेऊन भाचीने घोड्याचं माप घेतलं. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग बांधतात तिथला छातीचा घेर १४० सेंटिमीटर. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १२५. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. तिने वाळूवर काडीने हिशेब मांडला. उत्तर आलं २०६ किलो. याचा पाचवा हिस्सा ४१ किलो. त्यात खोगीर, रिकिबी हे सगळं आलं. त्याचे सात-आठ किलो वजा केले तर स्वाराच्या वाट्याला उरतात तेहतीस-चौतीस! म्हणजे भाचा चालतो, भाची नाही, मी नाही, आणि दादा तर मुळीच नाही.

हा पाचव्या हिश्शाचा नियम स्वार लोक फार पूर्वीपासून मानत आले आहेत. २००८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी तो तपासूनही पाहिला. आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन त्यांना चालवलं. पंचवीस टक्क्यांना स्नायू दुखू लागल्याच्या खुणा दिसल्या, तीसला त्या आणखी वाढल्या. रुंद कमरेच्या आणि जाड नळीच्या घोड्यांना त्रास कमी झाला. म्हणजे नुसती उंची पाहून घोडा ठरवू नये. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं, त्याचं धड पुढच्या दोन पायांमध्ये केवळ स्नायूंच्या आधाराने तोललेलं असतं. अन् आपण बसतो ते नेमकं पाठीच्या मधोमध. त्यातून स्वार नवशिका असेल तर तो धपाधप आपटतो, तोल सावरायला लगाम ओढतो. साठ किलोचा शिकाऊ स्वार सत्तर किलोच्या मुरलेल्या स्वारापेक्षा घोड्याला जड जाऊ शकतो.

आपल्याकडे कायदाही आहे बरं का! १९६५ च्या केंद्रीय नियमांत ओझ्याच्या जनावरांची मर्यादा घालून दिली आहे. तट्टाला ७० किलो, गाढवाला ५०. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन कामाला जुंपायचं नाही. आमच्या काशीत मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरून घोड्यावर बसणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांनी हे कधी विचारात घेतलं असेल? मी स्वतःच घेतलं नव्हतं. लग्नानंतर तिथे गेलो होतो, आणि घोडा चढावर थांबला तेव्हा ‘हा आळशी दिसतो’ असं मी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

घोडेवाल्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. तो म्हणाला, ‘‘बहनजी, गिऱ्हाइकाला तुम्ही जाड आहात असं कसं सांगू? ते शेजारच्याकडे जाईल. घोड्याला दाणा तर रोज लागतो.’’ खरंच आहे. नाही म्हणण्याची वेळ त्याच्यावर यावीच का? ते आपणच ओळखायला नको?

वर्ग चालवणाऱ्यांना मात्र ही सवलत मी देणार नाही. त्यांची मर्यादा योग्यच होती, रीत चुकली. किती किलोपर्यंत घेतो ते फॉर्मवर छापा, फोनवर सांगा, वजन घ्यायचंच तर आत बोलावून घ्या. आणि ‘तू जाड आहेस’ आणि ‘आमचा घोडा लहान आहे’ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. ५८ किलोची मुलगी काही घोडेस्वारीला नालायक नाही. छातीचा घेर १७० आणि लांबी १५० असलेला घोडा भरतो ३६५ किलो, त्याचा पाचवा हिस्सा ७३. खोगीर धरूनही ती त्यावर आरामात बसेल.

तुमच्या मुलांना वर्गात घालणार असाल तर आधी मुलाचं वजन सांगून ‘याला कुठला घोडा देणार आणि त्याचं वजन किती?’ असं विचारा. उत्तर देताना गडबडले, तर त्या वर्गात पाठवू नका.

दादाने त्या दिवशी आपल्या फेरीचे पैसे दिले आणि बसला नाही. लगाम हातात धरून घोड्याबरोबर पायी चालला, वर पुन्हा भाचा. रेतीत चालून दादाला दम लागला, घोडा ताजातवाना!

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. तिने तीन वर्गांना फोन केले. दोघांनी ‘या, बघू’ म्हटलं. तिसऱ्याने तिचं वजन विचारलं, मोठा घोडा आहे म्हणून सांगितलं आणि रविवारी बोलावलं. ती टेप घेऊन जाणार आहे.