चिठ्ठी खरी असावी



संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याइतकीच त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी मोलाची असते, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्याशा कागदात काय आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी रानपिंगळ्याची हकिकत सांगते. बाईंनी ती वर्गात सांगितली तेव्हा सगळा वर्ग चिडीचूप झाला होता.

आपल्या गावातला पिंगळा सर्वांना ठाऊक आहे. रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊबंद. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, याच्या डोक्यावर ते अगदी अंधुक असतात. शिवाय हा दिवसाढवळ्या शिकार करतो. शास्त्रज्ञांना तो पहिल्यांदा १८७२ साली आजच्या छत्तीसगडात मिळाला. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याची माहिती छापली. काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात येतात तेच हे ह्यूम!

पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात शहादे-तळोद्याच्या बाजूला काही रानपिंगळे मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसलाच नाही. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून त्याची सातच कातडी होती.

त्यांतल्या एकावर चिठ्ठी होती, की हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला. ती चिठ्ठी रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची होती. तिच्यावर विश्वास ठेवून लोकांनी नको त्या ठिकाणी शोध घेतला. पक्षी काही मिळेना. तो नामशेष झाला असावा, असेच पुष्कळांना वाटू लागले.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ती कातडी बारकाईने तपासली. आईच्या हातची गोधडी आपण नुसत्या टाक्यावरून ओळखतो की नाही? तसेच झाले. ते कातडे तयार करण्याची पद्धत डेव्हिडसनची निघाली! माइनर्टझागेनने लंडनच्या संग्रहालयातला डेव्हिडसनचा पक्षी चोरून त्याला आपल्या नावाची खोटी चिठ्ठी लावली होती.

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर उरल्या खऱ्या चिठ्ठ्या. रासमुसेनबाई आणि त्यांचे सोबती त्या चिठ्ठ्यांवरच्या गावांचा माग काढत निघाले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या, तिथे काही नाही. मग ते शहाद्याला आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात रानपिंगळा समोर झाडावर बसलेला! ११३ वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटात सापडला, २०१४ साली तानसाच्या अभयारण्यातही दिसला.

आता मला सांगा, पक्षी कोणामुळे सापडला? डेव्हिडसनने गावाचे नाव खरे लिहिले म्हणून सापडला. आणि इतकी वर्षे का सापडला नाही? एकाने खोटे लिहिले, हे त्याचे एक कारण. लिहिणारा मरून गेला तरी त्याचे खरे-खोटे मागे राहते.

आजी म्हणते, "मुकं पाखरू मारायचं नि आत कापूस भरायचा, हे कसलं गं शिक्षण?" आजीचे बरोबर आहे. त्या काळी आजच्यासारखे कॅमेरे नव्हते, तरी मारणे ते मारणेच. आता तर १९७२ च्या कायद्याने रानपाखरे मारणे, त्यांची अंडी उचलणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण जे जीव पूर्वी गेले ते तर परत येणार नाहीत. त्यांना धूळ खात टाकले, त्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या, तर त्यांचा जीव फुकट गेला असेच म्हणावे लागेल.

आता आपल्या शाळेचे कपाट बघा. त्यात शंख आहेत, रंगीत दगड आहेत, सुगरणीचे रिकामे घरटे आहे, बरणीतला विंचू आहे. पण कोणती वस्तू कुठली, कोणी आणली, कधी आणली, हे एकालाही सांगता येत नाही. वस्तू आहे, पण तिची गोष्ट गेली.

म्हणून माझी सूचना आहे. यापुढे कपाटात वस्तू ठेवताना चिठ्ठी लावावीच. जुन्या वहीचा कोरा तुकडा चालेल. त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : वस्तूचे नाव, कुठे मिळाली, तारीख, आणणाऱ्याचे नाव. जे ठाऊक नसेल तिथे सरळ "माहीत नाही" लिहावे. त्यात कमीपणा नाही. अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. घरटी, अंडी, जिवंत प्राणी आणूच नयेत. गळलेली पाने, बिया, शेंगा, दगड एवढे आपल्याला पुष्कळ आहे.

पालकांनाही विनंती, की कपाटातली एखादी वस्तू तुम्ही शाळेत असताना आणलेली असेल, तर बाईंना जरूर सांगा. चिठ्ठी मी लिहीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी