मुख्याध्यापक की निरोप्या?

'शिक्षकांना बदल नको असतो' हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी आणि इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, ते सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारी आपल्यावर आहे याचे भानही बोलणारास उरत नाही. शिक्षणखात्यातील अधिकारी ते म्हणतात, संस्थाचालक म्हणतात, आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकावरील शेऱ्यांना कंटाळलेले सुशिक्षित पालक तर ते सर्वांत मोठ्याने म्हणतात. एखादी योजना शाळेत फसली की तिचे खापर फोडावयास शिक्षकाचे डोके आयतेच सापडते. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. शाळेत बदल फसतो तो बहुधा शिक्षकाच्या हट्टाने नव्हे, तर मुख्याध्यापकाने आपले पद सोडून निरोप्याचे काम पत्करल्यामुळे. आणि त्याला निरोप्या बनविण्यात खात्याचा, संस्थांचा व आम्हां पालकांचाही हात आहे.

प्रथम आरोपाचाच विचार करू. गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाने काय काय पचविले याची नुसती यादी केली तरी पुरे. १९७५ साली अकरावीची शालान्त परीक्षा जाऊन दहावीची आली. २०१० साली शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचे नाही व वर्षभर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करावयाचे, असे ठरले. शिक्षकांनी नोंदवह्या भरावयास घेतल्या. २०१९ साली तोच कायदा दुरुस्त झाला आणि २०२३ साली राज्याने पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. शिक्षकांनी तीही घेतली. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा ज्यांनी मोबाइलचा उपयोग बोलण्यापलीकडे कधी केला नव्हता असे पन्नाशीचे शिक्षक स्वयंपाकघराच्या भिंतीला फळा टेकवून अपूर्णांक शिकवू लागले. ज्या वर्गाला बदल नको असतो तो इतके बदल अंगावर घेऊन अद्याप उभा राहिला कसा, याचे उत्तर आरोप करणारांनी द्यावे.

कोणी म्हणतील, शिक्षक बदल करतो खरा, पण मनापासून करीत नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु मन का लागत नाही, हेही पाहिले पाहिजे. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्यातील मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासननिर्णय निघाला. १७ जून रोजी दुसरा निर्णय निघून 'अनिवार्य' या शब्दाची जागा 'सर्वसाधारणपणे' या शब्दाने घेतली. २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करण्यात आल्याचे जाहीर झाले. तिसरी भाषा पहिलीत असावी की नसावी हा वाद येथे आमचा विषय नाही. आम्ही विचारतो ते एवढेच की, या अडीच महिन्यांत जो शिक्षक काहीही न करता स्वस्थ बसला, त्याला आळशी म्हणावे की दूरदर्शी? चार दिवस थांबले तर आज्ञाच परत फिरते, हा धडा त्याला आज्ञा देणारांनीच घालून दिला आहे. शिक्षकाची उदासीनता उपजत नव्हे. ती शिकविलेली आहे, आणि आमच्या शाळांत इतका पक्का शिकविलेला धडा दुसरा क्वचितच सापडेल.

आता बदल शाळेत प्रवेश कसा करतो ते पाहा. पूर्वी शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गांतून फिरत असे. हल्ली व्हॉट्सअॅपवरील शाळेच्या गटात रात्री दहा वाजता परिपत्रक येऊन पडते. दुसऱ्या दिवशी सभा भरते. मुख्याध्यापक तेच परिपत्रक पहिल्या ओळीपासून वाचून दाखवितात. एखादी शिक्षिका विचारते, "सर, साठ मुलांच्या वर्गात हे करावयाचे कसे?" उत्तर येते, "वरून आले आहे, बाई, करावेच लागेल." सभा संपते, स्वाक्षऱ्या होतात. या एका उत्तरात मुख्याध्यापकाने दोन गोष्टी कबूल केलेल्या असतात: या बदलाचा हेतू मला ठाऊक नाही, आणि तुमच्या अडचणीशी माझा संबंध नाही. मग जे व्हावयाचे तेच होते. वर्गात जुने चालते व कागदावर नवे दिसते. दोन चोपड्या ठेवणाऱ्या सावकाराची कळा शाळेला येते. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतीवर तक्ते चिकटवावयास मुलांनाच हाताशी धरले जात असल्यामुळे, या दुटप्पीपणाचे पहिले साक्षीदार मुलेच असतात.

येथे मुख्याध्यापकांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजूही मांडली पाहिजे. खासगी माध्यमिक शाळेत हे पद मिळते कसे? १९८१ च्या सेवाशर्तींच्या नियमांप्रमाणे पात्रता व समाधानकारक सेवा असलेला जो सर्वांत ज्येष्ठ शिक्षक, त्याला ते मिळते. या नियमाने संस्थाचालकांच्या लहरीस आळा बसतो, म्हणून तो मोडावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तीस वर्षे भूगोल शिकविलेल्या माणसास एका सकाळी खुर्चीवर बसवावयाचे आणि माणसे सांभाळण्याची विद्या त्याला आपोआप येईल असे मानावयाचे, ही कोठली रीत? कित्येकांची निवृत्ती तर खुर्ची ऊबदार होण्यापूर्वीच येते. प्राथमिक शाळांची कथा याहून करुण आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तेव्हाच स्वतंत्र मुख्याध्यापक. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत दोहोंपैकी एक जण मुख्याध्यापकाचा कार्यभार वाहतो. तोच चार इयत्ता सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि संगणकावरील माहितीचे रकाने भरतो. त्याने नेतृत्व करावे ते केव्हा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाप्रमाणे मुख्याध्यापकासही वर्षाकाठी पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. हेतू चांगला आहे. पण तास मोजणे सोपे असते, आणि जे सोपे असते तेच आमच्याकडे आधी होते.

तरीही हे सर्व मान्य करून आम्ही म्हणतो की, मुख्याध्यापकाच्या हाती काही उरतच नाही हे खरे नव्हे. आमच्या परिचयाच्या एका तालुक्याच्या गावी, २०२० साली, निवृत्तीस दोन वर्षे उरलेल्या संस्कृतच्या एका शिक्षकाकडे मुख्याध्यापकपद होते. त्यांनी पहिल्याच सभेत शाळेतील सर्वांत तरुण शिक्षिकेस पुढे बसविले आणि सर्वांसमक्ष तिच्याकडून मोबाइलवर पाठ घेण्याची रीत स्वतः शिकून घेतली. तीनदा चुकले, तीनदा हसले. मग म्हणाले, "पहिले पंधरा दिवस कोणाचाही पाठ मी पाहणार नाही. ज्यांना हे जमेल त्यांनी पाठ घ्यावेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी रोज पाच घरी फोन करून मुलांची चौकशी करावी. दोन्ही कामे सारख्याच मोलाची आहेत." वरून मागविलेली माहिती त्यांनी कोणा शिक्षकास भरावयास लावली नाही, रात्री बसून स्वतः भरली. चमत्कार काही झाला नाही. ज्या घरी फोनच नव्हता तेथे स्वाध्यायाचे कागद सायकलवरून पोचवावे लागले. परंतु त्या शाळेत कोणी शिक्षक मुलांपासून तोंड लपवीत फिरला नाही.

आम्हांस मुख्याध्यापकाचे कर्तव्य म्हणावयाचे ते हेच. बदल आला की त्याने प्रथम तो स्वतः करून पाहावा, चारचौघांत चुकण्याची लाज न बाळगता. दुसरे, वरून दहा गोष्टी आल्या तर पहिली कोणती व दहावी कोणती हे त्याने ठरवावे. चाळण न लावता सगळे पीठ परातीत ओतणाऱ्यास कोणी सुगरण म्हणत नाही. तिसरे, शिक्षकाला वेळ द्यावा, आणि तो देता यावा म्हणून वरचा तगादा आपल्या अंगावर घ्यावा. शिक्षणाच्या इतिहासातही हेच दिसते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणात नाव मिळवून, वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली बोर्डीला गेल्या. तेथे माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती व आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया ही साधने झाली आणि शाळाच मुलांच्या अंगणात व कुरणावर गेली. अनुताई वाघांसारख्या सहकाऱ्यांना ताराबाईंनी बदलाचे परिपत्रक धाडले नाही. त्या स्वतः त्यांच्याबरोबर होत्या.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुख्याध्यापक हा नियमाचा बांधील. आज्ञेची चाळणी करणे त्याच्या अधिकारात नाही. आम्ही त्याला आज्ञा मोडावयास सांगत नाही. आज्ञा कोणत्या क्रमाने, कोणाकडून व कोणत्या मदतीने पार पाडावयाची हे ठरविणे म्हणजेच त्याचा अधिकार. तो वापरावयाचा नसेल तर त्या खुर्चीत टपालपेटी ठेवली तरी भागेल. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. शिक्षकांत कामचुकारही असतात. मुख्याध्यापक पाठीशी उभा राहिला तर त्यांचे फावेल. असे लोक आहेत, हे आम्ही कशास नाकारू? पण पाठीशी उभे राहणे म्हणजे पाठीशी घालणे नव्हे. ज्याने शिक्षकाची खरी अडचण दूर केली आहे, त्यालाच त्याची खोटी सबब नाकारण्याचा अधिकार पोचतो. निरोप्याला तो नसतो, म्हणून कामचुकाराचे खरे फावते ते निरोप्याच्या राज्यात.

या सर्वांची कसोटी आता दाराशी येऊन उभी आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, शिक्षणहक्क कायद्यापूर्वी नेमलेल्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाही तर सेवा सोडावी. वीस-वीस वर्षे शिकविलेली माणसे पुन्हा परीक्षार्थी झाली. निकालाच्या गुणदोषांची चर्चा कायदेपंडितांनी करावी. पण ज्या बाई दिवसा मुलांचे पेपर तपासतात आणि रात्री स्वतःच्या पेपराच्या धास्तीने जागतात, त्यांच्या शाळेत मुख्याध्यापक काय करतो? तो निकालाची प्रत फलकावर लावून मोकळा होतो, की आठवड्यातून दोन तास मोकळे करून त्यांच्याबरोबर अभ्यासाला बसतो? मुलांच्या वा पालकांच्या तोंडून त्यांची थट्टा होऊ लागली तर ऐकून घेतो, की तेथल्या तेथे थांबवितो?

आणि वाचकहो, तो थांबवू लागला तर आपण काय करणार? शाळेत आपण जातो ते निकालाची टक्केवारी विचारावयास आणि शेजारच्या शाळेत आले ते येथे का नाही हे विचारावयास. 'यंदा आपण तीन नव्या गोष्टी नाकारल्या आणि एकच नीट केली', असे सांगणाऱ्या मुख्याध्यापकाचे अभिनंदन करणारा पालक आमच्या पाहण्यात नाही. जोवर तो निघत नाही, तोवर शाळांना निरोपेच मिळत राहतील, आणि आपली मुले मात्र त्या निरोपांतून गुरू शोधीत बसतील.