व्याज नव्हे, जामीनकी!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण माणसाशी नाही, एका शब्दाशी आहे. क्रिप्टोतल्या 'स्टेकिंग'वर जे मिळतं त्याला आपली तरुण मंडळी सर्रास 'व्याज' म्हणतात, आणि "एफडीसारखंच असतं ते" असं सांगून घरातल्या मोठ्यांच्या गळी उतरवतात. माझा भाचाही त्यातलाच. "आत्या, बँक सात टक्के देते, इथे पंधरा. शिवाय सगळं डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर दिसतं!" हा त्याचा हुकमी एक्का.

डोळ्यांसमोर दिसतं हे खरं. पण काय दिसतं आणि काय झाकलेलं राहतं, यावरच माझा आक्षेप आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. बिटकॉइनचा हिशेब पक्का करण्यासाठी भरमसाठ वीज खाणारी यंत्रं लागतात. दुसरी पद्धत अशी की, हिशेब तपासणाऱ्याने स्वतःची नाणी अडकवून ठेवायची. काम चोख केलं तर मोबदला, लबाडी केली तर अडकवलेल्यातून कापणार. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ रोजी याच पद्धतीवर आलं. तिथे तपासनीस व्हायला निदान ३२ इथर लागतात. एवढी पुंजी किंवा हौस सगळ्यांकडे नसते, म्हणून लोक आपली नाणी दुसऱ्या कुणा तपासनिसाच्या पाठीशी उभी करतात.

आता मला सांगा, दुसऱ्याच्या कामासाठी आपली मालमत्ता अडकवायची आणि त्याने घोळ घातला तर आपण भरायचं, याला मराठीत काय म्हणतात? ठेव? मुळीच नाही. याला जामीन राहणं म्हणतात! पतपेढीच्या कर्जाला सही देऊन पुढे पगारातून हप्ते भरत बसलेलं एखादं माणूस प्रत्येकाच्या नात्यात असतं. "कुणाला जामीन राहू नकोस" हे ज्या घरात दहा वेळा बजावलं जातं, त्याच घरात हा प्रकार 'व्याज' या गोंडस नावाने शिरतो आहे.

कॉसमॉस हब नावाच्या साखळीचं उदाहरण घ्या. (सगळ्या साखळ्यांचे नियम सारखे नसतात, हे मान्य.) तिच्या पानावर तपासनिसांची यादी असते. समोर 'डेलिगेट', 'अनडेलिगेट', 'रिडेलिगेट', 'क्लेम' अशी बटणं. तुम्ही निवडलेल्या तपासनिसाने एकाच ठोकळ्यावर दोनदा सही केली, तर त्याच्याबरोबर तुमच्याही अडकवलेल्या नाण्यांतले ५ टक्के कापले जातात. त्याचं यंत्र बराच वेळ बंद पडलं तर ०.०१ टक्का. असा तपासनीस पडद्यावर 'जेल्ड' म्हणून दिसतो, म्हणजे चक्क तुरुंगात! एफडीच्या पावतीवर कधी असं कलम पाहिलंय?

आणि 'अनडेलिगेट' दाबलं की पैसे हातात येतात का? नाही. २१ दिवस थांबायचं. त्या २१ दिवसांत मोबदला बंद, विकायची सोय नाही, आणि तपासनिसाचं जुनं पाप उघडकीस आलं तर कात्री तरीही लागणार. भाव कोसळत असेल तर आपण नुसतं बघत बसायचं. तपासनीस बदलायचा असेल तर 'रिडेलिगेट' आहे, त्याला ही वाट पाहावी लागत नाही. पण हा फरक किती जणांना माहीत असतो?

आता त्या टपोऱ्या अक्षरातल्या टक्क्यांकडे वळू. बऱ्याचदा तो आकडा मिळालेला मोबदला पुन्हा गुंतवत राहिलात असं धरून काढलेला असतो. १० टक्के सरळ दराचे रोजच्या चक्रवाढीने १०.५२ होतात. तुम्ही 'क्लेम' दाबून पुन्हा गुंतवलं नाहीत, तर ते वरचे विसराच. पण ही झाली किरकोळ गोष्ट. मुख्य गोष्ट ही की ते टक्के रुपयांचे नाहीत, नाण्यांचे आहेत. शंभर रुपये भावाची १०० नाणी घेतलीत, वर्षभरात १२ टक्क्यांनी ११२ झाली आणि भाव सत्तरवर आला, तर तुमच्या दहा हजारांचे ७,८४० रुपये उरतात. पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरात 'अधिक १२'!

शिवाय हा मोबदला येतो कुठून? बऱ्याच अंशी नवी नाणी पाडून. सगळ्या वर्गाला दहा-दहा गुण वाढवून दिले तर कुणाचाच नंबर वर जात नाही. फक्त ज्याला गुण मिळाले नाहीत तो मागे पडतो. हे साधं गणित पाचवीच्या मुलांनाही पटतं.

तिसरी गोष्ट किल्लीची. काही ठिकाणी किल्ली तुमच्याकडे राहते, काही ठिकाणी नाणी कंपनीच्या ताब्यात जातात. पडदा दोन्हीकडे सारखाच देखणा. अमेरिकेतल्या सेल्सियस कंपनीने १२ जून २०२२ रोजी पैसे काढणं बंद केलं आणि महिन्याभरात दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की, परताव्याच्या खात्यांत ठेवलेली नाणी ग्राहकांची नव्हेत, कंपनीचीच. लोकांच्या पडद्यावर शिल्लक होती, मालकी नव्हती. आपल्याकडे बँक बुडाली तर ठेव विमा असतो, २०२० मध्ये त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेली. स्टेकिंगला असलं छत्र नाही. उलट १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही.

"पण हे सगळं अटींमध्ये लिहिलेलं असतं," असं मला ऐकवलं जातं. असेलही! फायदा टपोऱ्या अक्षरात आणि धोका चौथ्या पानावरच्या बारीक इंग्रजीत, हा प्रामाणिकपणा नव्हे. ज्या वहीत फक्त जमेची बाजू दिसते, तिला हिशेबाची वही म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात.

स्टेकिंग म्हणजे फसवणूक, असं माझं म्हणणं नाही. कल्पना हुशारीची आहे, आणि जामीन राहणाऱ्याला मोबदला मिळण्यात गैर काहीच नाही. माझी मागणी एवढीच की, त्या टक्क्यांच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात, आणखी चार ओळी छापा: पैसे किती दिवसांनी सुटतील, जास्तीत जास्त किती कापले जातील, किल्ली कुणाकडे आहे, आणि आज रुपयांत किती उरले आहेत. ज्यांना हे छापायचं नाही, त्यांच्या पानावर आपलं म्हातारपणाचं चार पैशांचं गाठोडं सोडू नये.

आणि घरातल्या मुलांनो, तुमचे पैसे, तुमची जोखीम, खुशाल करा. पण आजीची एफडी मोडायला सांगताना तिला 'व्याज' म्हणू नका. "आजी, एका अनोळखी माणसाला जामीन राहतेस का?" असं सरळ विचारा. मग ती काय उत्तर देते ते ऐका.